टाच

येशूला मी माझ्या होडीतून शहरात नेलं,
बटाट्यांच्या दोन पोत्यांमध्ये आडवं,
एदुविहिसच्या घोंगडीत गुंडाळून, डोकं नाळेकडे.
किडीनं गाल पोखरला होता, एक डोळा गळाला होता,
फादर म्हणाले, दुरुस्ती हवी.
फादर चिलोएच्या या टोकाला वर्षातून दोनदा येतात.
तेव्हा ते म्हणतील ते आम्ही करतो,
एरवी एदुविहिस लेविकोय म्हणेल ते.

खाडीच्या मध्यावर वारा फिरला.
पाणी आत येऊ लागलं,
आणि हा आपला झोपलेला.
ही गोष्ट मला ठाऊक होती.
अशा वेळी त्याला हाक मारायची असते, तेही ठाऊक होतं.
मी नाही मारली.
डबा घेतला आणि उपसत राहिलो.
माझा भाऊ हेर्विन सॅमनच्या जाळ्यांखाली उतरला होता
त्याच्या आदल्या हिवाळ्यात. हवेची नळी तुटली.
माझ्याजवळच्या हाका तिथंच संपल्या.

चौदा महिने कोनाडा रिकामा.
तरी रविवारी घंटा व्हायची.
चष्म्याची तुटकी काडी दोऱ्यानं बांधून
एदुविहिस शुभवर्तमान वाचायची,
आणि वाचून झालं की रिकाम्या कोनाड्यातली धूळ पुसायची.
माणसं अकरा. कधी नऊ.
मी बाहेर, होडीला डांबर लावत.
एकदा खिडकीतून ऐकू आलं:
किनाऱ्यावर निखारे, निखाऱ्यांवर मासे,
आणि तू कोण, असं विचारायची
कुणाची छाती होईना.
ब्रशवरचं डांबर माझ्या बुटावर गळत राहिलं.

मग तो परत आला. मीच आणला.
खोका उघडला आणि सगळे गप्प.
गुलाबी गाल, काचेचे दोन्ही डोळे,
केस असे, की आत्ताच न्हाव्याच्या खुर्चीतून उठलाय.
"हा कोणाचा?" एका पोरानं विचारलं,
त्याच्या आईनं चिमटा काढला.
म्हाताऱ्या बाउदिलिओनं हात जोडायला वर नेले
आणि तसेच खिशात घातले.
शहरात बदलला असेल, कुणीतरी म्हणालं.
कुणी पावती मागितली.
पावती होती माझ्याकडे. ओली.

एदुविहिसनं तोंडाकडे पाहिलंच नाही.
ती खाली बसली, जे तिला आता सोपं नाही,
एक हात बाकाला, एक बाउदिलिओच्या गुडघ्याला,
आणि झग्याची कड उचलून
उजव्या टाचेवरून बोट फिरवलं.
तिथं खळगा आहे.
मिरवणुकीत मागून चालणाऱ्यांचे हात
टाचेला लागून लागून लाकूड झिजलंय.
कारागिरानं तो बुजवला नव्हता. विसरला असेल,
किंवा त्याचीही आई कुणाच्या मागून चालली असेल.

"हाच," ती म्हणाली. "उठवा मला."
आणि उठता उठता, जरा चिडूनच:
"तोंड कधी पाहिलंय मी त्याचं?
पुढं असतो तो."

ऑगस्टमध्ये मिरवणूक निघाली.
चिखल, पाऊस, दोन ढोल, एक बेसूर व्हायोलिन.
मी शेवटी होतो, मग का कोण जाणे शेवटी नव्हतो.
हात पुढे गेला.
लाकूड गार होतं. बोट खळग्यात बसलं,
नीट नाही, थोडं तिरकं.
हेर्विन माझ्यापेक्षा उंच होता,
त्याचा हात कुठं टेकायचा ते आठवेना.
कुणाच्या तरी खांद्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं.
चालत राहिलो.

देवळामागच्या छपरात निखारे फुलवून
एदुविहिस मासे भाजत होती.
धुरानं डोळे लाल, पदराला राख, 
मला दारात घुटमळताना पाहून
तिनं वर न बघताच पाटावरचं भांडं सरकवलं.
"ये," ती म्हणाली, "खाऊन घे."

मी बसलो.
काही विचारलं नाही.